ऑपरेशन झालं, नजरेचं काय?

मागच्या मार्गशीर्षात गावी चुलतभावाच्या बाळाचं बारसं होतं. खानापूर तालुक्यात आमचं गाव. भाताची सुगी उरकायची होती म्हणून बारसं सव्वा महिन्यावर गेलेलं. पाळण्याभोवती ही गर्दी, आणि जी येईल ती एकच म्हणायची, "डोळे बघ की गं ह्याचे, केवढे टपोरे!" आज्जीनं दृष्ट लागू नये म्हणून गालावर तीट लावली होती आणि डोळ्यांत काजळ भरलं होतं. काजळ गालावर ओघळत होतं, कारण दोन्ही डोळे सारखे पाझरत होते. मंडपातून उन्हाची एक तिरीप पाळण्यावर आली तसं बाळानं डोळे गच्च मिटून तोंड फिरवलं. "लाजतंय," म्हणून बायका हसल्या.

मी हसले नाही. मी वाकून बघितलं. बुबुळ नेहमीपेक्षा मोठं होतं आणि त्यावर दुधात निळं मिसळल्यासारखी झाक होती. माझ्या पोटात गोळा आला.

स्वयंपाकघरात वहिनीला बाजूला घेतलं. म्हटलं, "ह्याला डोळ्याच्या डॉक्टरला दाखवूया."

"दाखवलंय की ताई. डोळ्यातली पाण्याची नळी बंद आहे म्हणाले. नाकाजवळ मालिश करायला सांगितलंय."

नळी बंद असणं हे तान्ह्या पोरांत अगदी कॉमन. बहुतेकांची वर्षभरात आपोआप उघडते. त्यामुळं सांगणाऱ्याची फार मोठी चूक होती असं मी म्हणणार नाही. पण नळी बंद असलेलं पोर उजेडाला घाबरत नाही. डोळ्याला पाणी, उजेडाचा त्रास आणि पापण्या आवळून धरणं एकत्र दिसलं, आणि त्यात बुबुळ मोठं किंवा धुरकट वाटलं, तर मालिश करत थांबायचं नसतं. नवजात बाळाचं बुबुळ साधारण १० मिलिमीटर रुंद असतं. वर्षाच्या आत ते १२ च्या वर गेलं तर डॉक्टर संशय घेतातच. हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. माझ्या जुन्या फाईलच्या पहिल्याच पानावर ते लिहिलंय. मी २००३ ची. चार महिन्यांची असताना माझ्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. आजार, जन्मजात काचबिंदू.

(मोतीबिंदू नव्हे. हे मी आयुष्यात हजार वेळा सांगितलं असेल. "लहानपणी मोतीबिंदू होता म्हणे तुला?" मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं, ते बदलता येतं. काचबिंदूत डोळ्याची नस मरते, आणि मेलेली नस कुणालाच बदलता येत नाही.)

डोळ्यात एक पाणी सतत तयार होतं आणि बुबुळाच्या कडेच्या एका बारीक जाळीतून वाहून जातं. ज्यांना हा आजार असतो त्यांची ती जाळी पोटात असतानाच नीट घडलेली नसते. नळ चालू आणि मोरी तुंबलेली. मोठ्या माणसाच्या डोळ्याचं कवच कडक असतं, त्यामुळं आत प्रेशर वाढलं तरी बाहेरून काही दिसत नाही. तान्ह्याचा डोळा मऊ, तो फुग्यासारखा ताणतो. म्हणून टपोरे दिसतात. जुन्या वैद्यकीय पुस्तकांत ह्याला चक्क 'बैलाचा डोळा' अशा अर्थाचं ग्रीक नाव आहे. आपण ज्याचं कौतुक करतो ते बहुतेक वेळा खरंच कौतुकाचं असतं, बाळांचे डोळे मोठेच दिसतात. पण कधीकधी तो आजार असतो, आणि कौतुकात महिने जातात.

हा दुर्मिळ आजार आहे. पाश्चात्त्य देशांत साधारण दहा हजार जन्मांत एक असं धरतात. पण जुन्या आंध्र प्रदेशातला जो आकडा सगळीकडं दिला जातो तो ३,३०० जन्मांत एक असा आहे, म्हणजे तिप्पट. त्याचं एक कारण नात्यातली लग्नं. त्यावर नंतर येते, कारण तो विषय आमच्या घरात अजून गरम आहे.

बाळाला आम्ही हैदराबादला नेलं. ही शस्त्रक्रिया बेंगळूर, पुणे, मुंबईतही होते. पण माझं तिथं झालं होतं, आणि काचीगुड्यात आमच्या नात्यातलं एक मराठी घर आहे, तिथं उतरता येतं. बेळगावहून रात्रभराची बस. ह्या आजारात हैदराबादचं नाव उगीच घेतलं जात नाही. तिथल्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेतले डॉ. अनिलकुमार मंडल यांनी लहान मुलांच्या काचबिंदूवर आयुष्य घातलं आणि त्यासाठी २००३ चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार त्यांना मिळाला. माझ्या जन्माचंच साल, म्हणून माझ्या लक्षात राहिलं. आपल्याकडची मुलं उशिरा पोचतात, बुबुळ आधीच गढूळ झालेलं असतं, त्यातून आत बघून नाजूक छेद देणं जमत नाही. म्हणून भारतात बाहेरून दोन पद्धती एकत्र करून ऑपरेशन करायची रीत मोठ्या प्रमाणावर रुजली. नावं अवघड आहेत, ट्रॅबेक्युलोटॉमी आणि ट्रॅबेक्युलेक्टॉमी. तुंबलेली मोरी उघडायची आणि शेजारी एक नवी वाट पण करून ठेवायची, एवढं समजलं तरी पुरे. गेल्या शतकात चाळिशीच्या दशकात अमेरिकेत ओटो बार्कन नावाच्या डॉक्टरांनी गोनिओटॉमी आणली त्याआधी हे निदान म्हणजे जवळजवळ आंधळेपणाची चिठ्ठीच होती. आज बहुतेक मुलांचं प्रेशर ऑपरेशननं आटोक्यात येतं, काहींना दोनतीनदा टेबलावर जावं लागतं. हे खरोखर मोठं काम आहे आणि मी त्याच कामामुळं हा लेख वाचू-लिहू शकते.

पण मला बोलायचंय ते टेबलावरून उतरल्यानंतरचं.

बाळाचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली, प्रेशर बारा-तेरावर आलं. भाऊ पेढे घेऊन गावी गेला. "झालं बघ. सुटलो." आख्ख्या गावानं तेच म्हटलं. बावीस वर्षांपूर्वी माझ्या वडिलांनी पण हेच म्हटलं असणार. आणि इथंच आमच्यासारख्या पोरांचं नुकसान सुरू होतं.

प्रेशर आणि नजर ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रेशर उतरलं म्हणजे पुढची पडझड थांबली. आधी काय पडलं, आणि उरलेल्यातून मूल काय बघायला शिकेल, हा हिशोब पुढं दहा-बारा वर्षं चालतो. ज्यांचा आजार जन्मतःच दिसतो त्यांची नजर, जे तीन महिन्यांपासून वर्षापर्यंत कधीतरी लक्षात येतात त्यांच्यापेक्षा सहसा कमी राहते, कारण आजारच जोराचा असतो. नसेला किती मार बसलाय ह्यावर बरंच असतं. लहान मुलांत एक चांगली गोष्ट अशी की प्रेशर वेळेत उतरलं तर नसेवरचा खळगा थोडा भरून आल्यासारखा दिसतो, मोठ्यांत असं सहसा होत नाही. बुबुळ ताणून आतला पातळ पापुद्रा फाटलेला असेल तर त्याच्या रेघा कायम राहतात, आणि त्यातून जग पाण्याखालच्यासारखं वाकडं दिसतं. डोळा लांबट झालेला असतो, म्हणून मोठा मायनस नंबर लागतो. दोन्ही डोळे सारखे ताणलेले नसतात, म्हणून दोन्हींचा नंबर वेगळा.

आणि मग येतो आळशी डोळा. माझ्या मते सगळ्यात जास्त नजर इथं जाते, आणि सगळ्यात कमी बोललं जातं तेही ह्यावरच.

बघायचं काम डोळा एकटा करत नाही, मेंदूला बघायला शिकावं लागतं. शिकायची ही खिडकी पहिल्या काही वर्षांत उघडी असते. एका डोळ्यातून चित्र धुरकट येत असेल तर मेंदू त्याच्याकडं दुर्लक्ष करायला लागतो, जसा वर्गात मास्तर मागच्या बाकावरच्या पोराला विचारायचं सोडतो. पुढं तो डोळा कितीही दुरुस्त केला तरी मेंदू त्याचं ऐकत नाही. उपाय स्वस्त आहे. योग्य चष्मा, आणि चांगल्या डोळ्यावर रोज ठरावीक तास पट्टी, म्हणजे कमजोर डोळ्याला काम करावंच लागतं. स्वस्त, पण सोपा अजिबात नाही. दोन वर्षांच्या पोराचा चांगला डोळा झाकून बघा, ते घर डोक्यावर घेतं.

माझी आई सांगते, मी पट्टी उचकटून फेकायची. ती परत लावायची. शेजारची काकी म्हणायची, "कशाला त्रास द्यालालीस पोरीला, तो डोळा तर बरा आहे की." आईकडं कागद होता, त्यावर इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं होतं. आई सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली. तिच्या डोक्यात एवढंच बसलं होतं की पट्टी 'दुखऱ्या' डोळ्यावर लावतात. जखमेवर लावतात तशी. पहिले पाच-सहा महिने तिनं पट्टी चुकीच्या डोळ्यावर लावली. डाव्यावर. कमजोर डोळा डावा होता.

हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी तेरा-चौदा वर्षांची होते. आई भाकरी थापता थापता सांगत होती, आणि सांगून झाल्यावर तवा तसाच ठेवून मागच्या दारी गेली. तिचा काय दोष? आज माझ्या उजव्या डोळ्याची नजर चष्म्यानं ६/९ आहे. डाव्यानं मला फक्त समोर धरलेली बोटं मोजता येतात. त्यातलं किती त्या महिन्यांमुळं गेलं आणि किती आधीच गेलं होतं, हे कुणीच सांगू शकत नाही. मी आईला म्हणते की आधीच गेलेलं.

आता एक गोष्ट मला आपल्याच लोकांना विचारायची आहे. परिपत्रकं मराठीतून द्या म्हणून आपण बेळगावात मोर्चे काढतो. मी पण गेलेय, घसा बसेपर्यंत घोषणा दिल्यात, आणि पुढच्या वेळीही जाईन. पण थेंब कुठल्या डोळ्यात, किती वेळा, पट्टी कुठल्या डोळ्यावर, पुढची तारीख कुठली, हा एक पानाचा कागद आईला वाचता येईल अशा भाषेत असावा, ही मागणी मी आपल्या एकाही निवेदनात वाचलेली नाही. आणि हे फक्त मराठीचं नाही. रायबागच्या कन्नड आईला पुण्याच्या दवाखान्यात हाच त्रास, काचीगुड्यातल्या मराठी आज्जीला तेलुगूत तोच. भाषेचा हक्क म्हणजे पाटीवरची अक्षरं एवढंच आपण धरून बसलोय की काय, असं कधीकधी वाटतं. हे वाचून काही जण चिडतील. चिडू देत.

दुसरी गोष्ट माझ्या स्वतःच्या गाढवपणाची.

ह्या आजारात ऑपरेशननंतर प्रेशर पुन्हा कधीही वाढू शकतं. वर्षानं वाढेल, वीस वर्षांनी वाढेल. म्हणून तपासणी जन्मभर. लहान असताना बेशुद्ध करून तपासतात, कारण तान्हं पोर प्रेशर मोजू देत नाही. पुढं आपण आपले हनुवटी टेकवून बसतो. मी सोळा वर्षांची होईपर्यंत वडील न चुकता न्यायचे. २०१९ ची तपासणी शेवटची. मग लॉकडाऊन आला, बस बंद. मग पीयूसीची परीक्षा. मग बसेस सुरू झाल्या तरी मला जायचं नव्हतं. कॉलेजात कुणाला सांगितलं नव्हतं. दुखत तर काहीच नव्हतं. उजव्यानं सगळं दिसत होतं, मोबाईल दिसत होता, बोर्ड दिसत होता. चार वर्षं गेली.

२०२३ मध्ये चष्म्याची काडी तुटली म्हणून नवा नंबर काढायला गेले. तिथल्या मुलानं सहज म्हणून प्रेशर बघितलं. उजव्या डोळ्यात २८. साधारण १० ते २१ हे ठीक समजतात. त्यानं मशीन पुसून परत बघितलं. २८ च.

फील्ड टेस्ट नावाची एक तपासणी असते. अंधाऱ्या वाटीसारख्या मशीनमध्ये तोंड घालून बसायचं, कुठंही ठिपका चमकला की बटण दाबायचं. मी मन लावून दाबत होते. मला वाटलं, चांगलं चाललंय. निकालाच्या कागदावर नाकाकडच्या वरच्या बाजूला एक काळा पट्टा आला होता. तिथले ठिपके चमकले होते, मला दिसलेच नव्हते. आपल्याला दिसत नाहीये हे आपल्याला दिसत नाही, असला हा आजार आहे. मेंदू रिकामी जागा भरून टाकतो. तो पट्टा परत येणार नाही. थेंब सुरू झाले, प्रेशर पंधरावर आहे, पट्टा तेवढाच राहिलाय. माझ्याकडं चांगला डोळा एकच आहे, आणि त्याची चार वर्षं मी लाजण्यात घालवली.

मला त्या काळात एक फोन आला असता तर? लस चुकली तर अंगणवाडीची ताई घरी येते. गॅस सिलिंडरचा मेसेज येतो. निवडणुकीच्या आदल्या दिवशी आमच्या गल्लीत प्रत्येक मताचा पत्ता माहीत असतो. ऑपरेशन झालेलं पोर चार वर्षं आलं नाही, हे लक्षात येण्याची मात्र कुठंच सोय नाही.

राज्यशास्त्र शिकताना एक गोष्ट मला फार पटली, सरकार जे मोजतं तेच करतं. आपला अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ चा, जगातल्या जुन्यांपैकी. त्याचं मुख्य मोजमाप वर्षानुवर्षं मोतीबिंदूच्या ऑपरेशनांची संख्या राहिलं. त्यानं लाखो म्हाताऱ्यांना दृष्टी दिली, मला त्याची टिंगल करायची नाही. मोतीबिंदूला ते मोजमाप बऱ्यापैकी लागू पडतं, कारण तिथं भिंग बसलं की बरंचसं काम झालं. पण तीच सवय लहान मुलांच्या काचबिंदूला लावली की घोटाळा होतो. ऑपरेशन झालं, एक टिकमार्क झाली, फाईल बंद. ते पोर सहाव्या वर्षी शाळेत फळ्यावरचं वाचतं का, विसाव्या वर्षी त्याची नजर तेवढीच आहे का, हे कुठल्या रकान्यात भरायचं?

२०१३ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. अंगणवाडीतली पोरं वर्षातून दोनदा, शाळेतली एकदा तपासायची, आणि जन्मलेल्या बाळाला आशाताईनं घरी जाऊन बघायचं. कल्पना उत्तम. पण त्याच्या मूळ तीस आजारांच्या यादीत जन्मजात मोतीबिंदू आहे, कमी दिवसांच्या बाळांचा पडद्याचा आजार आहे, जन्मजात काचबिंदूचं नाव नाही. आशाताईला डॉक्टर व्हायला कुणी सांगत नाही. पाणी, उजेडाचा त्रास, मोठं किंवा धुरकट बुबुळ, एवढी एक ओळ तिच्या तक्त्यात घाला. आमच्या बाळाला बारशाआधी कुणी ना कुणी आरोग्यवालं बघून गेलं होतं. वजन लिहिलं, लस दिली. डोळ्यासाठी रकानाच नव्हता.

योजनांचं पण तसंच. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना द्यायचं ठरवलं, कर्नाटक सरकारनं आक्षेप घेतला, दोन्हीकडं भाषणं झाली. तेव्हा मी पण तावातावानं स्टेटस ठेवलं होतं. कर्नाटकाची आरोग्य योजना आहे, केंद्राची आहे. पण कुठलीही घ्या, पैसे असतात ते प्रामुख्यानं दाखल होऊन करायच्या उपचारांसाठी. बाळाच्या ऑपरेशनचा खर्च आमच्या भावाला एवढा जड गेला नाही. त्याला जड जातंय ते त्यानंतरचं. दर खेपेला दोन माणसांची बस, दोन दिवसांचा बुडालेला रोज, थेंब, आणि दर सहा महिन्यांनी बदलणारा चष्मा, कारण पोराचा नंबरही वाढतोय आणि डोकंही. दोन्ही सरकारं कार्ड कुणाचं ह्यावर भांडतात. बसचं तिकीट कुणाच्याच कार्डात नाही.

अपंगत्वाच्या दाखल्याचं गणित आणखी मजेशीर. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणं बहुतेक सवलती ४० टक्क्यांच्या पुढं. नजर मोजतात ती चांगल्या डोळ्याची, चष्मा लावून. माझा चांगला डोळा ६/९, त्यामुळं मी बसत नाही. ठीक आहे, माझं चालतं. पण ज्या पोराचा चांगला डोळा काठावर आहे, फळ्यावरचं अर्धं दिसतं, उन्हात मैदानात डोळे उघडत नाहीत, ते कागदावर धडधाकट असतं. त्याला पहिल्या बाकावर बसवायला आणि फळ्यावरचं मोठ्यानं वाचायला कुठलाही दाखला लागत नाही. माझ्या चौथीच्या बाईंनी ते न सांगता केलं होतं. आठवीत सरांनी "चष्मेवाली मागं बस, उंच आहेस" म्हणून मागं पाठवलं, आणि त्या वर्षी माझं गणित गेलं ते गेलंच.

आता नात्यातल्या लग्नाचं. माझे आईवडील आत्ते-मामे. भाऊ आणि वहिनी पण तसेच, त्यानं मामाचीच मुलगी केली. हा आजार बऱ्याच वेळा सीवायपी१बी१ नावाच्या एका जनुकातल्या दोषामुळं होतो. आईकडून एक, बापाकडून एक, अशा दोन्ही प्रती बिघडलेल्या आल्या तरच मूल आजारी पडतं. एकच बिघडलेली असेल तर माणूस ठणठणीत, त्याला आयुष्यभर कळतही नाही. एकाच घरातली दोन माणसं लग्न करतात तेव्हा दोघांकडं तीच बिघडलेली प्रत असायची शक्यता वाढते. तशी असली तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक. अर्थात नात्याबाहेर लग्न केलेल्यांच्या घरीही हा आजार होतो, त्यामुळं ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांच्याकडं बोट दाखवायचा कुणाला परवाना मिळत नाही.

आमच्या घरी बोट दाखवलं गेलंच होतं. आईनं म्हणे गरोदर असताना ग्रहणात कोबी चिरला होता. वीस वर्षं ती हे ऐकत आली. मला बारावीनंतर हे जनुकाचं समजलं तेव्हा मी वहीवर काढून दाखवलं, आईकडून एक, बाबांकडून एक. तिनं बराच वेळ कागद बघितला आणि विचारलं, "म्हणजे तुझ्या बाबांचं पण?" तेवढंच.

आणि आता आत्या मला तिच्या मुलासाठी मागतेय. आत्या प्रेमळ आहे, मुलगा चांगला आहे. घरात सगळ्यांना वाटतं घरातलं घरात बरं, मुलीच्या डोळ्याचं बाहेर कुणाला सांगायला नको. मी हिशोब मांडला. माझ्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असणार. आत्तेभावाकडं एक जरी असली तरी प्रत्येक बाळाला निम्मी शक्यता. माझ्या जनुकांची तपासणी अजून झालेली नाही, करायची आहे. हे मी आत्तेभावाला स्वतः सांगितलं, फोनवर नाही, समोर. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "माझी पण करून घेतो." लग्नाचं काय व्हायचं ते होवो, पण आमच्या घरात ह्यावर पहिल्यांदा कुणी शहाण्यासारखं बोललं.

स्थळाच्या फोटोत चष्मा काढ, हे मी तीनदा ऐकलंय. चष्मा काढणार नाही. ताणलेला डोळा नाजूक असतो, मार बसला तर फुटू शकतो, आणि माझ्याकडं जोड नाही. आंद्रेआ बोचेल्ली हा इटलीचा प्रसिद्ध गायक, १९५८ चा, त्यालाही जन्मजात काचबिंदू. उरलेली नजर त्याची बाराव्या वर्षी गेली, फुटबॉल खेळताना चेंडू लागून. म्हणून तुमच्या ओळखीत असं पोर असेल तर त्याला खेळू द्या, घरात कोंडू नका, फक्त न फुटणाऱ्या काचांचा चष्मा घालून खेळू द्या. आणि ज्यांचं जाळीशेजारी नवी वाट काढायचं ऑपरेशन झालंय त्यांचा डोळा कधीही लाल झाला, चिकट पाणी आलं, तर मेडिकलमधून थेंब आणून बघू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. त्या वाटेनं जंतू आत जाऊ शकतात, हा धोका जन्मभराचा.

बाळाचं आता सांगते. सात महिन्यांचं झालंय. बुबुळाची झाक बरीच निवळलीय. गेल्या महिन्यात चष्मा मिळाला, रबरी पट्ट्याचा, एवढासा. पहिल्या दिवशी त्यानं तो ओढून ताकाच्या भांड्यात टाकला. दुसऱ्या दिवशी तो घालून अंगणात कोंबडी बघितली आणि तिच्यामागं मान फिरवत राहिलं. वहिनीनं मला व्हिडिओ पाठवला, मी तो वर्गात बाकाखाली अकरा वेळा बघितला.

डावा डोळा त्याचाही मागं पडतोय. पट्टी सुरू झाली, रोज दोन तास. मी एका पुठ्ठ्यावर बाळाचा चेहरा काढलाय, उजव्या डोळ्यावर लाल स्केचपेननं पट्टी रंगवलीय, खाली मराठीत लिहिलंय: पट्टी उजव्यावर, काम डाव्याला. थेंबांच्या वेळा शेजारी, घड्याळाची चित्रं काढून. तो पुठ्ठा चुलीजवळच्या भिंतीला लावलाय. आज्जीला वाचता येत नाही, पण ती लाल रंग बघून बरोबर सांगते. काजळ बंद झालंय, तीट मात्र चालू आहे. त्यावर मी भांडण करत नाही.

पुढची तारीख १७ ची आहे. रात्रीची बस, वहिनी, भाऊ, बाळ आणि मी. माझी पण फील्ड टेस्ट राहिलीय.